एका रस्त्याची फाईल शेवटपर्यंत: महापालिकेला हिशोब विचारायचा तर नेमकं काय करायचं

आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता मे महिन्यात डांबरी झाला, जूनच्या दुसऱ्याच पावसात खडी वर आली आणि जुलैत खड्डे बुजवायला परत गाडी हजर. ग्रुपवर सगळ्यांनी फोटो टाकले, "सगळे खातात" असं पन्नास जणांनी लिहिलं, दोन दिवसात विषय संपला. मी पण त्या पन्नासातलीच. मग शेजारचे काका, जे बांधकाम खात्यातून रिटायर झालेत, त्यांनी मला गेटवर थांबवून एवढंच विचारलं, "अगं, एमबी बघितलीस का?" एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मराठीत मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराने किती काम केलं ते इंजिनिअर तिच्यात लिहितो आणि त्या आकड्यांवरच बिल निघतं. पंधरा वर्षं टॅक्स भरतेय पण हे पुस्तक असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही चार-पाच जण हे काम करतोय, आणि जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितेय. पालिकेला "असं का झालं" विचारलं की उत्तर येतं "कार्यवाही सुरू आहे", पण "अमुक कागदाची प्रत द्या" म्हटलं की एकतर कागद द्यावा लागतो नाहीतर कागद नाही हे लिहून द्यावं लागतं, आणि दोन्हीत आपलं काम होतं. म्हणून कारण विचारू नका, कागद मागा.

आधी एकच काम निवडा

अख्ख्या पालिकेचा भ्रष्टाचार काढायला जाऊ नका, दमाल. एक रस्ता किंवा एक ड्रेनेज लाईन किंवा बागेतली एक भिंत, जे तुम्ही रोज बघता ते घ्या. रोज बघता म्हणजे काम कधी सुरू झालं, किती दिवस चाललं, किती गाड्या आल्या हे तुमच्या डोळ्यासमोर असतं, आणि ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाकडे नेमकं तेच नसतं.

काम सुरू असताना कामाचा फलक शोधा. त्याच्यावर कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ) असं लिहिलेलं हवं. फलक असेल तर फोटो काढा, आणि नसेल तर नसलेल्या जागेचाही काढा. मग टेप घेऊन रस्ता मोजा. तीन-चार ठिकाणी रुंदी घ्या आणि लांबी कुठून कुठपर्यंत ते दुकानाच्या किंवा खांबाच्या खुणेने लिहून ठेवा. हे काम सकाळी सहाला करा, गाड्या नसतात आणि कोणी "काय चाललंय" विचारायला येत नाही. डांबर टाकत असतील तर डंपर मोजा आणि त्यांचे नंबर लिहा. हे का ते पुढे कळेल.

फाईलचा प्रवास कसा असतो

हा भाग नीट वाचा, कारण कुठला कागद कुठे जन्माला येतो हे कळलं की काय मागायचं ते आपोआप कळतं.

आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीत जातं, तिथून मुख्य सभेत मंजूर होतं. त्यात तुमच्या रस्त्याचं नाव असेल किंवा नुसतं "प्रभागात विविध ठिकाणी रस्ते डांबरीकरण करणे" असं मोघम वाक्य असेल. मोघम वाक्य दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा, कारण तिथेच पैसा इकडचा तिकडे सरकतो. त्या सरकवण्याला पालिकेत वर्गीकरण म्हणतात, म्हणजे एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणे, आणि त्याचा वेगळा प्रस्ताव असतो. पाण्याच्या टाकीचे पैसे कमानीला गेले असतील तर ते वर्गीकरणाच्या प्रस्तावात सापडतं, अंदाजपत्रकात नाही. सभेच्या कार्यपत्रिकेच्या शेवटी "आयत्या वेळचे विषय" असतात तेही बघा, जे विषय आधी छापायचे नसतात ते बऱ्याचदा तिथून येतात आणि मिनिटभरात मंजूर होतात.

पैसा ठरला की ज्युनिअर इंजिनिअर एस्टिमेट करतो, म्हणजे दरसूचीतले दर गुणिले मापं. त्याला तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. मोठ्या कामांच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर येतात आणि लॉगिन न करताही बऱ्याच दिसतात. इथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे एकाच रस्त्याचे तुकडे पाडून, "अमुक चौक ते तमुक दुकान", "तमुक दुकान ते शाळा", अशी छोटी छोटी कामं केलीत का, कारण रक्कम मर्यादेखाली आली की ई-निविदा टळते. दुसरं म्हणजे निविदाच काढली नाही असं तर नाही ना. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या अनुसूचीत निविदा न मागवता काम द्यायची सोय आहे, पालिकेतली माणसं त्याला "पाच दोन दोन" म्हणतात, आणि तातडीच्या कामासाठी कलम ६७(३)(क) आहे. या तरतुदी चुकीच्या नाहीत, पाईप फुटला तर टेंडरची वाट बघत बसता येत नाही. पण पाच दोन दोनमध्ये कारण लेखी नोंदवावं लागतं. तो नोंदवलेला कारणाचा कागद मागा. दरवर्षी येणाऱ्या पावसाळ्याला "तातडी" लिहिलेलं असेल तर तुमच्या हातात ठोस मुद्दा आला.

पुढे वर्क ऑर्डर, करारनामा, प्रत्यक्ष काम, एमबी, चालू बिल, अंतिम बिल, काम पूर्णत्वाचा दाखला, आणि तिथून दोषदायित्व कालावधी सुरू. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायचा असतो आणि तोवर त्याची अनामत रक्कम पालिकेकडे अडकलेली असते.

हे कागद नसले तर काय होतं त्याचं ठळक उदाहरण मुंबईचं आहे. कॅगने, म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेने, बृहन्मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली, अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. त्यात २१४ कोटींची २० कामं निविदा न मागवता दिलेली निघाली, ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारच केलेला नव्हता, आणि ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ तपासनीस नेमलेला नव्हता. करार नाही म्हणजे उद्या रस्ता खचला तर ठेकेदाराला कशाच्या आधारावर धरणार? मी हा आकडा वाचला तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हता.

अर्ज करायच्या आधी जे उघड आहे ते बघून घ्या

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी आहेत ज्या कोणी न मागता जाहीर करायच्या असतात, अंदाजपत्रक, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, निर्णयाची पद्धत वगैरे. पालिकेच्या वेबसाईटवर त्या जुन्या तारखेच्या सापडतील, तरी उघडा, कारण जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण ते तिथेच मिळतं. चुकीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच ५ दिवसात योग्य जागी पाठवायचा असतो, तो परत घेऊन घरी यायचं नाही.

अर्ज असा लिहा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात, एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्य शासनाच्या आरटीआय ऑनलाईन पोर्टलवरून करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. आमचा पहिला अर्ज दोन पानी होता, त्यात राग जास्त आणि मागणी कमी, आणि तो शब्दमर्यादेवरच परत आला. दुसरा असा केला:

"माहितीचा विषय: (रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत) डांबरीकरण. कालावधी: १ एप्रिल ते ३१ जुलै. हवी असलेली माहिती: १) मंजूर एस्टिमेटची प्रत २) वर्क ऑर्डर व करारनाम्याची प्रत ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या सर्व पानांची प्रत ४) सर्व चालू व अंतिम बिलांच्या प्रती ५) साहित्य चाचणी अहवाल व त्रयस्थ तपासणी अहवाल ६) डांबरमिश्रित खडीच्या गाड्यांची चलनं व वजनकाट्याच्या पावत्या ७) दोषदायित्व कालावधी कधी सुरू व कधी संपतो ते दर्शवणारा कागद ८) वरील मूळ फाईलची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे."

यात एकही "का" नाही. माहिती अधिकाऱ्याने मत द्यायचं किंवा कारण तयार करून द्यायचं त्याच्यावर बंधन नाही, फक्त जो कागद अस्तित्वात आहे तो द्यायचा आहे. "रस्ता निकृष्ट का झाला" असं लिहिलंत तर "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं एका ओळीत उत्तर येईल, आणि ते बरोबर पण असेल.

अर्ज आवक-जावकला द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. ३० दिवस असतात. उशीर झाला तर कलम ७(६) नुसार माहिती फुकट द्यावी लागते, नाहीतर प्रतीला पानाला २ रुपये पडतात.

फाईल डोळ्यांनी बघा

झेरॉक्सपेक्षा मूळ फाईल बघणं कितीतरी चांगलं, कारण मागच्या तारखेने घातलेलं पान, वेगळ्या शाईतला आकडा, खाडाखोड हे झेरॉक्समध्ये कळत नाही. कलम २ (जे) मध्ये काम, दस्तऐवज, अभिलेख यांची पाहणी करणं, टिपणं काढणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे सगळं तुमच्या अधिकारात धरलंय. पाहणीचा पहिला तास फुकट असतो.

पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायची पद्धत बरीच वर्षं होती आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना तसंच करायला सांगितलं. तुमच्याकडे ती सोय सध्या चालू आहे का ते आधी विचारा, नसेल तर अर्जात पाहणीचा मुद्दा टाकायचाच, तो कायद्यातून येतो, कोणाच्या परिपत्रकावर अवलंबून नाही.

जाताना दोघं जा, एकाने वाचायचं आणि एकाने लिहायचं. फाईलच्या पानांना नंबर आहेत का बघा आणि शेवटचा पान नंबर लिहून घ्या. आवाज चढवू नका, समोरचा क्लार्क तुमचा शत्रू नाही, आम्हाला सगळ्यात उपयोगी माहिती एका क्लार्कनेच दिली होती की "मॅडम, त्याच्या मागचं वर्क ऑर्डरचं पण बघा".

एमबी कशी वाचायची, इथेच खरी गंमत आहे

पानावर लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी बरोबर घनमीटर अशी साधी मांडणी असते, शाळेतलं गणित. समजा लिहिलंय १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, ५० मिमी थर. म्हणजे १०० × ६ × ०.०५ = ३० घनमीटर. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरतात, म्हणजे जवळपास ७० टन माल. डंपर १४-१५ टनाचा धरला तर पाच खेपा व्हायला हव्यात. तुम्ही त्या दिवशी गॅलरीतून दोनच डंपर मोजले असतील तर आता तुमच्याकडे विचारण्यासारखं काहीतरी आहे. मग वजनकाट्याच्या पावत्यांवरचे गाडी नंबर आणि तुमच्या वहीतले नंबर शेजारी शेजारी ठेवा. पावतीवरच्या तारखा आणि वेळाही बघा, एकच डंपर प्लांटवरून दहा मिनिटात दोनदा भरून येऊ शकत नाही.

आमच्या रस्त्याच्या एमबीत रुंदी सगळीकडे ७ मीटर होती. टेपने आम्हाला कुठेच ५.६ च्या वर मिळाली नव्हती. काकांनी सांगितलं होतं की जाडीवर भांडत बसू नका, त्याला कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेला नमुना, काढावी लागते आणि ते म्हणतील वाहतुकीने दबली, पण रुंदी कोणालाही लपवता येत नाही, दोन्ही बाजूला फरसबंदी आहे. तसंच झालं. जाडीची शंका असेलच तर कोअर टेस्ट तुमच्यासमोर करायची लेखी मागणी करा आणि कोअर कुठून घ्यायची ती जागा तुम्ही सुचवा.

फरक सापडला, आता कोणाला कळवायचं

पहिलं पत्र कार्यकारी अभियंत्याला, प्रत आयुक्तांना आणि मुख्य लेखापरीक्षकांना. लेखापरीक्षकांना लोक विसरतात, पण महापालिका अधिनियमात हे पद वेगळं आहे आणि त्यांच्याकडून आक्षेप निघाला की बिल अडकतं. पत्रात "भ्रष्टाचार" हा शब्द घालू नका, तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. फक्त लिहा, एमबी पान अमुक वर रुंदी ७ मीटर, प्रत्यक्ष ५.६ मीटर, सोबत फोटो, संयुक्त मोजणी करावी आणि आम्हाला बोलवावं. आमची संयुक्त मोजणी झाली, जास्तीच्या मापाची रक्कम पुढच्या बिलातून वळती केल्याचं पत्र आलं, आणि दोषदायित्वात असल्यामुळे उखडलेला भाग ठेकेदाराने दिवाळीनंतर नव्याने करून दिला. सहा महिने गेले त्याला.

पैसे मागितले असतील तर मात्र लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध निघाला तर अधिनियमाच्या कलम १० मध्ये अपात्रतेची तरतूद आहे, पण त्याला वकील लागेल. अधिकाऱ्याच्या कारभाराबद्दल लोकायुक्तांकडे जाता येतं. दाखला, नळजोड, परवाना अडकलाय तर आरटीआय नको, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा, त्यात सेवेला ठरलेले दिवस असतात आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. खड्ड्यामुळे जीव गेला किंवा दुखापत झाली असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेला निकाल वाचा, मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख भरपाई सांगितली आहे.

माहितीच दिली नाही तर

३० दिवस संपले किंवा उत्तर अर्धवट आलं की पुढच्या ३० दिवसात प्रथम अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. हे अपील पालिकेतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असतं म्हणून लोक कंटाळून सोडतात, पण आमचा अनुभव असा की निम्मी माहिती सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळते. सुनावणीला जाच, आणि "माहिती आढळून येत नाही" म्हणाले तर "शोध घेतल्याचं आणि अभिलेख नाही याचं लेखी द्या" एवढंच म्हणा. सरकारी कागद हरवणं ही छोटी गोष्ट नाही, महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा त्याच्यासाठी आहे. आमची एमबी आधी सापडत नव्हती, हे वाक्य बोलल्यावर आठ दिवसात सापडली.

त्यानंतर ९० दिवसात राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड करू शकतो. पण २०२३ मध्ये तिथे प्रलंबित प्रकरणं लाखाच्या वर होती, तेव्हा दुसऱ्या अपिलाची वाट बघताना हात बांधून बसू नका, तोच कागद दुसऱ्या विभागाकडून मागा. बिलाची प्रत पथ विभागात नसेल तर लेखा विभागात असतेच.

अजून एक, नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यामुळे माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललंय आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालंय. मला हा बदल फार घातक वाटतो. तरी रस्त्याची रुंदी ही कोणाची वैयक्तिक माहिती नसते, आणि कलम ८(२) मधला सार्वजनिक हिताचा मुद्दा अजून आहे, अपिलात तो कलमासकट लिहा.

काम होण्याआधीच बोलायची जागा

पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवता येतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात भरायचा. तुमच्या शहरात असं काही असेल तर अंदाजपत्रकाच्या चार-पाच महिने आधीच चौकशी करा आणि सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं याचा अर्ज पण करा. प्रभाग समितीच्या बैठकीची कार्यपत्रिका आणि इतिवृत्त मागत राहा. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आली, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांची सभा, गावच्या ग्रामसभेसारखी. आमच्याकडे ती एकदाही झालेली नाही, म्हणून आम्ही दरवर्षी एकच अर्ज करतो: "क्षेत्र सभेच्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्त द्यावे." निरंक असं उत्तर येतं, आणि ते निरंक आम्ही नगरसेवकांच्या टेबलावर ठेवतो. पुण्यात २०२२ ला मुदत संपल्यावर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, स्थायी समिती आणि मुख्य सभा दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते, तेव्हा प्रशासकांचे ठराव मागणं हाच मार्ग होता.

एकटं पडू नका

हे मनापासून सांगतेय. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार उघड करत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांची हत्या झाली. रस्त्याच्या एमबीला एवढा धोका नसतो, पण टीडीआर (बांधकामाचे हक्क एका जागेवरून दुसरीकडे वापरणं), आरक्षित भूखंड, बांधकाम परवाने या विषयात हात घालणार असाल तर एकाच विषयाचे अर्ज पाच वेगवेगळ्या लोकांच्या नावाने, वेगवेगळ्या भागातून जाऊ देत, आणि मिळालेला कागद त्याच दिवशी सगळ्यांकडे पाठवा. कागद एकाकडेच असेल तर त्या एकाला धोका असतो. धमकी आली तर पोलीस स्टेशनला लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या.

आणि मिळालेल्या कागदाचा उपयोग सेटलमेंटसाठी करणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढा. असा एक माणूस दहा खऱ्या अर्जदारांची वाट बंद करतो, पुढच्या प्रत्येक अर्जाकडे अधिकारी त्याच नजरेने बघतात.

सध्या आम्ही नालेसफाई घेतलीय. त्याचं बिल काढलेल्या गाळाच्या वजनावर निघतं, म्हणून गाळाच्या गाड्यांचे नंबर, वजनकाट्याच्या पावत्या आणि गाळ कुठे टाकला त्या जागेच्या नोंदी मागितल्यात. नाल्याच्या पुलावरून दोन मुलं रोज सकाळी फोटो काढतात, तारीख वेळेसकट. अर्ज देऊन अठरा दिवस झालेत.